पाठ टेकायची जागा

१

खात्याची अट एकच होती. इमारत दिसता कामा नये.

सरकारी इमारत दिसू नये असं खुद्द सरकारला वाटावं, हे आर्किटेक्ट दिनेश खैरनारने एवढ्या वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदाच ऐकलं. एरवी साहेबलोकांना कमान हवी असते, घुमट हवा असतो, काही नाही तर उद्घाटनाची कोनशिला तरी माणूसभर उंच हवी असते. इथे मात्र पेठ रस्त्यावरच्या करंडा डोंगराच्या अंगात एक माहिती केंद्र बसवायचं होतं. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा कसा वाहिला, थरावर थर कसे साचले, हा काळा कातळ कसा झाला, हे शाळेच्या सहलींनी येऊन बघावं, आणि तरी डोंगराकडे पाहणाऱ्याला डोंगरच दिसावा.

"मिसळून गेली पाहिजे," साहेब म्हणाले. "आलं लक्षात? मिसळून."

काम दिनेशला मिळालं तेव्हा ऑफिसातल्यांनी पेढे मागितले. त्याने ते आणूनही दिले. त्याला स्वतःला काही वाटलं नाही. काही वाटणं बंद होऊन वर्ष उलटून गेलं होतं. २००१ च्या ऑगस्टमध्ये त्याची एकुलती एक मुलगी रूपाली तापाने गेली. नऊ वर्षांची होती. ताप डोक्यात गेला, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून दिनेश सकाळी उठायचा, दाढी करायचा, गंगापूर रोडवरच्या ऑफिसात जाऊन नकाशे काढायचा, डबा खायचा, घरी यायचा. दाढी करताना गाल कापला तर ते त्याला आरशात रक्त दिसल्यावर कळायचं.

घरात मात्र एक नेम होता. तो त्याच्या बायकोने, मोहिनीने घालून दिला होता. ती शाळेत शिकवायची, तेव्हा दुसऱ्यांना नेम घालून देणं तिच्या अंगवळणीच पडलेलं. संध्याकाळच्या चहाला दोघांनी रुपीची एकेक आठवण सांगायची. एक तिने, एक त्याने. रडायचं नाही, आणि एकदा सांगितलेली पुन्हा सांगायची नाही.

"तिला आता आपण दोघंच आहोत," मोहिनी म्हणाली होती. "आपल्यातलं एक जरी विसरलं, तरी ती अर्धी जाईल. मला ती अर्धी नकोय, अहो."

आठवणी सांगताना दिनेशच्या आवाजात चढउतार नसे. पण आठवणी होत्या, अगदी भरपूर, कपाटात घड्या घालून ठेवलेल्या कपड्यांसारख्या. रोज एक काढली तरी कमी पडत नव्हती. मोहिनीला तेवढं पुरे होतं.

२

पहिल्या पाहणीला तो डिसेंबरात गेला. नाशिक सोडलं, की पेठ रस्त्याला द्राक्षबागा हळूहळू विरळ होतात आणि पायऱ्यापायऱ्यांचे काळे डोंगर जवळ येतात. करंड्याच्या उत्तरेच्या अंगाला, अर्ध्या उंचीवर, एक रुंद खोबण होती. मागे सरळसोट कातळ, पुढे सपाट ओटा, आणि ओट्यापुढे खाली उतरत गेलेली भातखाचरं. दिनेशने ती जागा पाहिली आणि इमारत तिथल्या तिथे त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. खरं तर आडवी पडली. वर माती आणि गवताचं छप्पर, मागची भिंत म्हणून डोंगराचाच कातळ, पुढची बाजू सताड उघडी. छप्पर डोंगराच्या उतारात विरून गेलं की झालं. रस्त्यावरून कुणाच्या बापाला दिसलं नसतं.

खालच्या पाड्यावरचा लहानू त्याला वाट दाखवायला आला होता. खात्याने त्याला पुढे राखणदार म्हणून ठेवायचं कबूल केलं होतं. ओट्यावर कुणीतरी बसायला म्हणून धोंडे मांडून ठेवलेले दिनेशला दिसले. दुपारी गुरांमागची माणसं इथे भाकर खात असणार. पण ते सगळे धोंडे कातळाच्या पुढ्यात, कातळाकडे तोंड करून बसता येईल असे मांडले होते. दरीचा एवढा मोठा देखावा, आणि त्याच्याकडे पाठ करून माणसं काळ्या दगडाकडे बघत जेवत होती.

"असे उलटे का बसता रे?"

लहानूने धोंड्यांकडे पाहिलं. प्रश्नात काय विचारण्यासारखं आहे हे त्याला कळलं नाही.

"आमी नाय टेकत, सायेब."

"काय टेकत नाही?"

"पाठ. डोंगराला पाठ नाय टेकत."

"का?"

"नाय टेकत," लहानू म्हणाला आणि पुढे चालू लागला.

दिनेशने त्याचा आपल्यापुरता उलगडा केला. इकडचा पाऊस वाऱ्याबरोबर दरीतून आडवा येतो. तोंडावर झोडपून घेण्यापेक्षा माणूस पाठ करून बसणारच. झालं. त्याने त्या संध्याकाळी नकाशा काढायला घेतला. शाळेची पोरं, मास्तर, म्हातारी माणसं चढण चढून दमून येतील. त्यांना पहिल्यांदा काय लागेल? बसायला. आणि बसल्यावर? मागे टेकायला. कातळाच्या पायथ्याशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्याने एक लांबलचक दगडी बाक काढला. पाठ कातळाला, तोंड दरीकडे. खात्यातल्या साहेबांना सगळ्या नकाशात तो बाकच जास्त आवडला.

३

काम सुरू व्हायला पुढचा दसरा उजाडला. मधल्या पावसाळ्यात कुंभमेळा होता, आणि जिल्ह्यातला प्रत्येक गवंडी, मजूर आणि मिक्सर शहरात अडकला होता. तो उरकला तशी माणसं मोकळी झाली. साइटवर देखरेखीला विंचूरचा महेश होता. अखंड बोलणारा, अखंड चहा पिणारा, आणि कामात पक्का. मजूर पाड्यावरचे. त्यात लहानूची बायको भागीबाईही होती.

भागीबाई रोज दुपारी रडायची. आवाज न करता, घास खाता खाता. आदल्या वर्षी ती आणि लहानू पिंपळगावकडे द्राक्षबागेत कामाला गेले होते. तिथे त्यांच्या गण्याला पान लागलं. सापाला साप म्हणायचं नाही म्हणून पान म्हणायचं. तीन-चार वर्षांचं पोर. बाया तिला रडू द्यायच्या. दिनेश तिच्याकडे बघायचा आणि त्याला तिचा थोडा हेवा वाटायचा. निदान हेवा म्हणतात ते हेच असावं, असं त्याच्या मनात यायचं.

डिसेंबरात स्लॅब टाकून झाला. बाक बांधून झाला. आणि एका दुपारी महेश म्हणाला, "सर, जरा इकडं या. इथं हात लावा."

बाकाच्या मधोमध, बसलेल्या माणसाच्या पाठीचा खालचा भाग येतो त्या उंचीवर, कातळ कोमट होता. तापलेला नव्हे. नुकतंच कुणीतरी उठून गेलं की खुर्ची असते, तेवढाच कोमट. हात चार बोटं बाजूला सरकवला की पुन्हा थंडगार.

"उन्हाने," दिनेश म्हणाला.

"सर, उत्तरेची बाजू. इथं ऊन येतंय कधी? आता तर डोक्यावर स्लॅबपण हाय."

"मग स्लॅबच. काँक्रीट सुकताना गरम होतंच ना?"

"ते वर, सर. हे खाली."

"दगडात उतरली असेल उष्णता. एखादी चीर असेल आत."

महेशने मान डोलावली, कारण सरांशी वाद घालून उपयोग नसतो. दिनेशचा हात मात्र कातळावर तसाच राहिला. एवढ्या दिवसांत त्याच्या तळव्याला गरम किंवा गार असं काही जाणवलंच नव्हतं. चहाचा कप, बादलीतलं पाणी, सगळं सारखंच. हे जाणवत होतं.

त्याच आठवड्यात भागीबाई जेवताना बाकावर बसलेली दिसली. बाकीच्या बाया खाली, कातळाकडे तोंड करून. ती एकटी वर, पाठ टेकून, दरीकडे बघत. कुणीतरी तिला हटकलं, तशी ती म्हणाली, "जा गं. बरं वाटतं." आणि ती रडत नव्हती.

४

दिनेशची कामाची एक पद्धत होती. आपण काढलेल्या प्रत्येक बैठकीवर तो आधी स्वतः बसून बघे. उंची बरोबर आहे का, टेकल्यावर मान कुठे येते, पाय लोंबतात का. ऑफिसातली पोरं यावरून त्याची थट्टा करायची, की सरांनी उद्या स्मशानाचं काम घेतलं तर काय करायचं. ती थट्टा २००१ नंतर बंद झाली.

मजूर पाणी प्यायला गेले होते. तो बाकावर बसला, मागे सरकला आणि त्याने पाठ टेकली.

उंची बरोबर होती. मान बरोबर होती. आणि पाठीच्या खालच्या भागात, कमरेच्या जरा वर, त्याला दुसरी पाठ लागली.

लहान पाठ. खांद्यांची दोन पाती. उजवं पातं डाव्यापेक्षा किंचित वर.

रुपी शाळेचं दप्तर कायम एकाच खांद्यावर अडकवायची. मोहिनी ओरडायची, वाकडी होशील म्हणून. आणि होतच होती थोडी. संध्याकाळी दिनेश घरी जमिनीवर मांडी घालून नकाशे काढायचा, तेव्हा ती त्याच्या पाठीला पाठ लावून गृहपाठ करायची. मधूनच सगळा भार टाकून मागे रेलायची आणि सटाण्याच्या आजोबांच्या बोलीत विचारायची, "जड शे का?" तो म्हणायचा, "नाही गं." मग ती आणखी रेलायची.

कातळ हलत नव्हता. दगड कसा हलेल? पण तो भार त्याला ओळखीचा होता. दिनेशच्या गालावरून काहीतरी ओघळलं, आणि ते काय आहे हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. तो रडत होता.

ओबडधोबड दगड आहे, त्याने स्वतःला समजावलं. दोन टेंगळं आली असतील नेमकी. आपणच आपल्या मनाने त्यांना पाती म्हणतोय. हे सगळं त्याला पटलं. पटून तो महेशने हाक मारेपर्यंत तसाच बसून राहिला. उठला तेव्हा अंग हलकं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. तिसऱ्याही दिवशी. साइटवर रोज जायचं काही कारण नव्हतं, पण कारणं काय, काढली की निघतात.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी चहा घेताना मोहिनीने तिची आठवण सांगितली. रुपीने कढीपत्त्याच्या झाडाला राखी बांधली होती ती. मग ती थांबली. त्याची पाळी होती. दिनेशने कपाट उघडल्यासारखं मनात पाहिलं. एक सगळा कप्पा रिकामा होता.

"थकलात," मोहिनी म्हणाली. "उद्या दोन सांगा."

५

"सायेब, तिला जरा समजावता का?"

लहानू गाडीपाशी येऊन उभा होता. त्याच्या हातात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक तांब्याचा चपटा ताईत होता, लहान मुलाच्या गळ्यातला.

"काय झालं?"

"हे तिनं गाठोड्यात ठिवलं होतं. गण्याचं. रोज उराशी धरून झोपायची. काल मला म्हनली, हे कुनाचं पडलंय, देऊन टाक ज्याचं त्याला." लहानूचा आवाज दबला. "मी म्हनलं, गण्याचं हाय गं. तर म्हनली, कोन गण्या?"

भागीबाई पलीकडे वाळू चाळत होती. दिनेश तिच्याजवळ गेला. तिचा चेहरा स्वच्छ होता, तेल लावून केस चापून बसवलेले. बऱ्याच दिवसांच्या दुखण्यातून उठलेलं माणूस दिसतं तशी ती दिसत होती.

"भागीबाई, बरी आहेस ना?"

"लय बरी हाय, सायेब." ती हसली. "आता झोप लागती. मधी काय झालं होतं कुनास ठावं, उगं रडू यायचं."

"तुला मुलगा होता ना?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. परक्या माणसाने काहीतरी भलतंच विचारावं आणि तरी आपण अदबीने उत्तर द्यावं, तशी ती म्हणाली, "आमाला लेकरू नाय, सायेब."

परतताना दिनेशने पेठ नाक्यापर्यंत गाडी अगदी सावकाश चालवली. धक्का बसलेली माणसं विसरतात, त्याला शास्त्रीय नाव आहे, वर्तमानपत्रात वाचलं होतं. त्याने रस्ताभर रुपीची एकेक गोष्ट आठवून बघायला सुरुवात केली. ती चालायला लागली तो दिवस. नाही. तिचा पहिला दात. नाही. तिचा आवाज. "जड शे का" हे शब्द होते, पण ते आता तो स्वतःच्याच आवाजात ऐकत होता.

संध्याकाळी चहाला तो म्हणाला, "ती पहिल्यांदा सायकलवरून पडली तेव्हा..."

मोहिनीने कप खाली ठेवला.

"तिला सायकल नव्हती," ती म्हणाली. "दहावा वाढदिवस झाल्यावर घेणार होतो आपण."

मोहिनी त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, भीती होती. वर्गात एखादं पोर फिट येण्याआधी गप्प होतं, तेव्हा बाईंच्या डोळ्यांत येते तशी.

"अहो, काय होतंय तुम्हाला? खरं सांगा."

त्याने सांगितलं. कातळ, ऊब, पाठ, भागीबाई, सगळं. शेवटी तिने फक्त एवढंच विचारलं, "उजवं पातं वर?"

"हो."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ चालू होता. परत आली तेव्हा तिने त्याचा हात धरला.

"तिथं जी कोणी आहे ती आपल्या आठवणीतली रुपी घेऊन घडतेय," ती म्हणाली. "पुन्हा टेकू नका. मला शब्द द्या."

त्याने शब्द दिला. मनापासून दिला.

६

उपाय सोपा होता, निदान कागदावर. बाक काढून टाकायचा, कातळापुढे विटांची भिंत उभी करायची, मध्ये हातभर पोकळी ठेवायची. खात्याला ओलीचं कारण सांगता येईल. दिनेशने नकाशा बदलला आणि भिंतीची रेघ आखून द्यायला स्वतः साइटवर गेला. दुपारची सुट्टी होती. वायरमनने आत एका टोकाला दिवा टांगून ठेवला होता, आणि त्याचा उजेड कातळावरून आडवा जात होता.

भिंत किती पुढे घ्यायची हे बघायला कातळ कुठे किती पुढे आलाय ते मोजावं लागतं. त्याने ओळंबा काढला आणि बाकाच्या वर दोरी धरली. दोरी सरळ लोंबायला हवी होती. ती मध्येच दगडाला टेकली.

त्याने दोरी पुढे घेतली. पुन्हा टेकली.

मग त्याने दिव्याच्या दिशेने पाहिलं. आडव्या उजेडात कातळ नीट दिसत होता. मधोमध खांद्यांची दोन लहान पाती, त्यांच्यावर मानेचा खळगा. शेजारी त्याहून लहान, बाळसेदार पाठ, गण्याची असेल. आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना, बाकाच्या टोकापर्यंत, दगड खांद्याच्या उंचीवर जरा जरा पुढे आला होता. सारख्या अंतरावर. अजून आकार आले नव्हते. नुसत्या जागा धरून ठेवल्या होत्या.

हत्यारांच्या खुणा, दिनेश मनात म्हणाला. गवंड्यांनी छिनून काढलं असेल. पण कातळाला हात लावू नका असं त्यानेच सांगितलं होतं, आणि कुणी लावला नव्हता.

ओळंब्याची दोरी हलली. किंचित पुढे आली, किंचित मागे गेली. पुन्हा पुढे. बाहेर वारा नव्हता. झोपलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवला की तो हात असाच वर-खाली होतो.

त्याला पळायला हवं होतं. पाय तयारही होते. तेवढ्यात त्या पात्यांच्या वरचा गोलावा सरकला. रेलून बसलेलं माणूस, मागे कोण आलंय ते बघायला मान वळवतं, तसा. दिनेशला आधी कानाची पाळी दिसली. मग गालाची सुरुवात.

आणि तेव्हा त्याला खरी भीती वाटली. चेहरा दिसेल याची नव्हे. तो चेहरा त्याला आठवत नव्हता. नाक कसं होतं, डोळे कुणासारखे होते, काही काही आठवत नव्हतं. ती वळून बघेल, आणि आपले पप्पा आपल्याला ओळखत नाहीत हे तिला त्यांच्या तोंडावर दिसेल.

त्याने झटकन पाठ फिरवली. तिला त्याचं तोंड दिसू नये म्हणून फिरवली. मग तो बाकावर बसला. मोहिनीला दिलेला शब्द त्याला आठवत होता. त्याने डोळे मिटले आणि तो मागे टेकला.

लहान पाठ त्याच्या पाठीला येऊन लागली. पूर्ण भार टाकून.

"नाही गं," तो म्हणाला. कशाचं उत्तर देतोय, हे त्याला नीटसं कळलं नाही.

थोड्या वेळाने महेश आला तेव्हा सर दरीकडे बघत निवांत बसले होते. विटांचं काय करायचं, त्याने विचारलं.

"कसल्या विटा?" दिनेश म्हणाला. "छान झालाय की बाक."

७

उद्घाटन पुढच्या हिवाळ्यात झालं. केंद्र इतकं मिसळून गेलं होतं की पाहुण्यांच्या गाड्या दोनदा पुढे निघून गेल्या, आणि शेवटी खात्याला रस्त्यावर भलीमोठी पिवळी पाटी लावावी लागली. दिनेशला त्याचं हसू आलं. अलीकडे त्याला बारीकसारीक गोष्टींचं हसू येत असे. झोप छान लागायची. वजन वाढलं होतं.

मोहिनी मात्र वाळली होती. तिचं काय बिनसलं होतं ते त्याला कळत नसे. संध्याकाळी चहाला ती कुठल्याशा मुलीबद्दल बोलायची. शाळेतली असावी. तो समजूतदारपणे ऐकून घ्यायचा. भिंतीवरच्या एका फोटोपुढे ती त्याला सारखी नेऊन उभी करायची. गोड मुलगी होती. तो तसं म्हणायचाही. त्यावर ती ज्या नजरेने बघायची ती त्याला आवडत नसे, म्हणून पुढे पुढे तो काही म्हणेनासा झाला.

भाषणं संपली. पाहुणे, मास्तर, सहलीची मुलं, चढण चढून दमलेली सगळी माणसं बाकावर ओळीने बसली आणि मागे टेकली. एवढा गलका चालला होता, तो हळूहळू ओसरत बंद झाला. कुणी बोलेना. सगळे दरीकडे बघत होते. एका म्हाताऱ्या बाईंच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि चेहरा मात्र शांत होता. जागा यशस्वी झाली, की अशी शांतता पसरते. दिनेशला समाधान वाटलं.

मधोमध त्याची नेहमीची जागा होती. तो बसला आणि शेजारची जागा थोपटून मोहिनीला म्हणाला, "बस ना. टेक जरा. बरं वाटतं."

ती बसली नाही. ती सगळ्या ओळीसमोर, दरीकडे पाठ करून उभी होती आणि कातळाकडे बघत होती. मग ती वाकली, दिनेशच्या कमरेमागे हात घातला आणि तळवा दगडावर ठेवला. तिचा चेहरा असा काही झाला, की दिनेशने घाईने दुसरीकडे पाहिलं. चारचौघांत बायकोचा चेहरा असा होणं बरं दिसत नाही. ती कितीतरी वेळ तशीच होती. तिचे गुडघे मुडपायला लागले होते. आणखी थोडं झालं असतं, की ती वळून बसलीच असती.

मग तिने हात काढून घेतला. चटका बसल्यासारखा नव्हे, तर झोपलेल्या मुलाच्या डोक्याखालून काढतात तसा, सावकाश.

"आज तुमची पाळी," ती म्हणाली. "एक सांगा. एकच."

"कशाबद्दल?" दिनेशने विचारलं.

ती बाहेर जाऊन गाडीत बसली.

परतीला उन्हं उतरली होती. करंडा मागे पडला. दिनेश शीळ घालत गाडी चालवत होता. त्याच्या लक्षात आलं की मोहिनी सीटवर अगदी पुढे सरकून बसली आहे, ताठ, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून. एवढ्या वळणांच्या रस्त्यावरही तिने पाठ टेकली नव्हती. तिचे ओठ हलत होते.

"काय गं?" त्याने विचारलं. "काय पुटपुटतेस?"

"काही नाही," मोहिनी म्हणाली. "माझी सांगून झाली. आता तुमच्या वाटणीची सांगतेय."

"बरं," दिनेश म्हणाला, आणि त्याने गिअर बदलला.